मेंदूवरील नव्या उपचारांची बातमी कोकणातल्या घराने कशी वाचावी आणि पुढे काय करावे

भास-भ्रम होणाऱ्या स्किझोफ्रेनिया या आजारावर अमेरिकेत वेगळ्याच पद्धतीने काम करणारे औषध आले, चुंबकीय लहरींनी नैराश्य पाच दिवसांत उतरते, स्मृतिभ्रंशाची खूण आता रक्तात सापडते, अशा मजकुराची कात्रणे मुंबईचा भाचा किंवा पुण्याची पुतणी गावच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि घरात आजारी माणूस असेल तर त्या रात्री कोणाला झोप लागत नाही. या तिन्ही बातम्यांना आधार आहे. मात्र बातमी खरी असणे आणि ती आपल्या रुग्णाच्या उपयोगाची असणे यांत मोठे अंतर असते, आणि ते कसे मोजावे हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे मत आरंभीच सांगतो: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांतील बहुतेक रुग्णांचे नुकसान परदेशातले नवे औषध न मिळाल्यामुळे होत नाही, तर जवळ असलेले, स्वस्त आणि सिद्ध झालेले उपचार उशिरा सुरू केल्यामुळे किंवा मध्येच सोडल्यामुळे होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले होते, आणि निरनिराळ्या आजारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. नव्या शोधांकडे पाहताना हे आकडे समोर असावेत.

पहिले काम: चालू गोळी थांबवू नये

कोणतीही बातमी वाचून चालू औषध बंद करू नये, कमी करू नये आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचे औषध आणू नये. हे सांगण्याचे कारण ताजे आहे. नैराश्यात मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन कमी झालेले असते या जुन्या समजुतीला सुसंगत पुरावा सापडत नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात म्हटले होते. त्यावरून ‘नैराश्याच्या गोळ्या निरुपयोगी’ असा मथळा जगभर फिरला. मूळ आढावा आजाराच्या कारणाविषयी होता, गोळीच्या गुणाविषयी नव्हता. गोळीचा गुण स्वतंत्र चाचण्यांत तपासला जातो. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांची माहिती एकत्र करून २१ औषधे तपासण्यात आली, तेव्हा ती सर्व औषधगुण नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. काही थोडी सरस होती, काही अधिक. एखादे औषध नेमके कसे काम करते याचा उलगडा अपुरा असताना ते काम करते हे सिद्ध होऊ शकते, आणि वैद्यकशास्त्रात असे अनेकदा घडले आहे.

नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. पहिल्या पंधरवड्यात मळमळ, अस्वस्थता जाणवते आणि गुण मात्र दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण तिथेच सोडतात. त्या पंधरवड्यात घरच्यांनी रुग्णासोबत राहावे, एवढे केले तरी अर्धी लढाई जिंकता येते.

बातमीला कोणते प्रश्न विचारावेत

पहिला प्रश्न असा की हा शोध प्राण्यांवरचा आहे, थोड्या माणसांवरचा आहे, की मान्यता मिळालेल्या उपचाराचा. २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा पूर्ण झाला. त्यात सुमारे १,३९,००० चेतापेशी आणि त्यांच्यामधील पाच कोटींच्या आसपास जोडण्या नोंदवल्या गेल्या. त्याच वर्षी मद्रास आयआयटीच्या मेंदू संशोधन केंद्राने गर्भातील मानवी मेंदूचे पाच हजारांहून अधिक छेद घेऊन तयार केलेला त्रिमितीय नकाशा सर्वांसाठी खुला केला. ही कामे थोर आहेत आणि भारतात असे काम होते याचा मला मनापासून अभिमान वाटतो. परंतु माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि नकाशापासून औषधापर्यंतचा रस्ता काही दशकांचा असतो. अशी बातमी आनंदाने वाचावी आणि रुग्णाच्या उपचारांच्या वहीत तिची नोंद करू नये.

दुसरा प्रश्न: औषधाची तुलना कशाशी केली आणि किती काळ? स्किझोफ्रेनियावरील ज्या औषधाची सर्वाधिक चर्चा झाली ते झेनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांचे मिश्रण. अमेरिकेत त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. १९५२ पासून, म्हणजे क्लोरप्रोमॅझिन आल्यापासून, या आजाराची जवळजवळ सगळी औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या मार्गाला अटकाव करत आली. हे औषध मस्कारिनिक नावाच्या दुसऱ्याच ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरील संदेश घेणाऱ्या जागांवर, काम करते, म्हणून ते महत्त्वाचे आहे. परंतु मान्यतेमागील मुख्य चाचण्या पाच आठवड्यांच्या होत्या, आणि आजार जन्मभराचा असू शकतो. पुढे २०२५ मध्ये, आधीच्या औषधाच्या जोडीला हे मिश्रण देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत अपेक्षित फरक सांख्यिकीच्या कसोटीवर उतरला नाही. म्हणजे कात्रण वाचून ‘चालू गोळीबरोबर हीही सुरू करू’ असे ज्या घरात ठरले असते, त्याच उपयोगाचा पुरावा कच्चा निघाला.

तिसरा प्रश्न कोकणवासीयांसाठी सर्वांत निकडीचा आहे: हा उपचार घ्यायला किती वेळा, किती दिवस आणि कोठे जावे लागेल? कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन मेंदूचा विशिष्ट भाग जागवण्याच्या उपचाराला, म्हणजे टीएमएसला, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, आणि तो मुंबई-पुण्यात मिळतो. पूर्वी एका बैठकीला ३७ मिनिटे लागत. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीनुसार तीन मिनिटांची नवी पद्धत तितकीच परिणामकारक ठरली. तरीही नेहमीच्या क्रमात आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे बैठका असतात. राजापूर किंवा देवगडच्या माणसाला त्यासाठी मुंबईत बिऱ्हाड करावे लागते. पाच दिवसांची जी पद्धत बातम्यांत येते, तिला अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात दिवसाला दहा बैठका असतात आणि त्याआधी मेंदूच्या कार्याचे खास चित्रण करून जागा निश्चित करतात, त्यामुळे साधे टीएमएस यंत्र असलेल्या ठिकाणी ती मिळतेच असे नाही. कुटुंबाने निघण्यापूर्वी फोनवर एकूण बैठका, एकूण खर्च आणि राहण्याची सोय विचारून घ्यावी. रुग्णाला कधी फिट आली असेल किंवा डोक्यात धातूची चाप अथवा श्रवणयंत्राचे रोपण असेल तर ते प्रथम सांगावे.

स्मृतिभ्रंशाविषयी थोडक्यात. अल्झायमर या प्रकारच्या स्मृतिभ्रंशावरील लेकॅनेमॅब या औषधाने अठरा महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, पण गेलेली स्मृती परत आली नाही. ते आरंभी दर पंधरा दिवसांनी शिरेतून दिले जाते, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय करावा लागतो, आणि त्याचा उपयोग केवळ आरंभीच्या टप्प्यात आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली रक्तचाचणीही विसरभोळेपणाची तक्रार असलेल्यांसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायची आहे. घरातल्या प्रत्येक वृद्धाने ती करून घ्यावी असा तिचा अर्थ होत नाही. आजोबांची श्रवणशक्ती, रक्तदाब, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासणे हे जवळच्या तालुक्यात होऊ शकते, आणि आधी तेच करावे.

मनाचा आजार ठरवण्यापूर्वी शरीर तपासून घ्यावे

मेंदूविज्ञानाने गेल्या वीस वर्षांत दिलेली, आणि माझ्या मते सर्वांत कमी सांगितली जाणारी देणगी म्हणजे वेडासारख्या दिसणाऱ्या काही आजारांचे शारीरिक मूळ. २००७ मध्ये अशा एका मेंदूदाहाचे नेमके वर्णन झाले, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील एनएमडीए ग्राहकांवर हल्ला करते. तो तरुण मुलींत विशेष दिसतो. धडधाकट मुलगी काही दिवसांत किंवा आठवड्यांत भ्रमिष्टासारखी बोलू लागते, मग बोलणे आटते, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, फिट येते. पाठीच्या कण्यातील पाण्याची तपासणी करून निदान होते आणि प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार वेळेवर मिळाल्यास बहुसंख्य रुग्ण सावरतात. अशी मुलगी ‘झाडाने धरली’ म्हणून घरात ठेवली गेली तर तिचे प्राण जाऊ शकतात.

कोकणात याहून नेहमीची कारणे आहेत. लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या माणसाला ताप, अंगदुखी, डोळ्यांत लाली आणि त्याबरोबर बरळणे सुरू झाले, तर तो लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप, असू शकतो; मलेरियाही मेंदूत उतरू शकतो. दोडामार्ग, सावंतवाडी परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि त्या तापातही काही रुग्णांना पुढच्या टप्प्यात भ्रम होतो. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडल्यावर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, नसलेल्या वस्तू दिसणे, घाम सुटणे ही लक्षणे दिसली, तर त्यालाही ताबडतोब रुग्णालयात न्यावे. नियम सोपा ठेवावा: तापाबरोबर भ्रम, फिट, मानेचा ताठरपणा, किंवा काही तासांत बदलत जाणारी शुद्ध, यांपैकी काहीही दिसले तर मनोविकारतज्ज्ञाची वेळ घेत बसू नये, थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे.

माहेरी बाळंतपणासाठी आलेल्या लेकीबाबतही हेच. प्रसूतीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत तिची झोप पूर्ण उडाली, ती बाळाविषयी काही विपरीत बोलू लागली, तर तिला आणि बाळाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी झुरानोलोन ही चौदा दिवसांची गोळी अमेरिकेत २०२३ मध्ये आली, पण या तीव्र भ्रमावर तिची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याकडे असलेल्या औषधांनी तो चांगला आटोक्यात येतो.

जुनी औषधे नीट वापरणे

ज्या रुग्णाला स्किझोफ्रेनियाची दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही गुण आला नाही, त्याच्या घरच्यांनी अमेरिकेतील औषधाची चौकशी करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना क्लोझापिनविषयी विचारावे. १९८८ च्या गाजलेल्या अभ्यासात, इतर औषधांनी हरलेल्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांना क्लोझापिनने गुण आला; तुलनेतल्या जुन्या औषधाने तो केवळ ४ टक्क्यांना आला होता. ते भारतात तयार होते आणि परवडते. आरंभीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातील पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, आणि या रक्ततपासणीच्या कटकटीमुळे ते लिहून देणे आणि घेणे दोन्ही टाळले जाते, याचे मला वाईट वाटते. तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी होते. ताप किंवा घसा दुखल्यास लगेच रक्त तपासावे, आणि बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करू नये, कारण या औषधात ते जिवावर बेतू शकते.

आजाराच्या पहिल्या झटक्यात वेळेला फार मोल असते. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध, कुटुंबाला मार्गदर्शन, शिक्षण-नोकरीला आधार आणि समुपदेशन असे सगळे एकत्र दिले गेले. ज्यांचा आजार उपचाराविना ७४ आठवड्यांपेक्षा कमी काळ राहिला होता त्यांना या एकत्रित उपचाराचा लाभ अधिक झाला. मुलगा वर्षभर खोलीत कोंडून घेतो आणि घरचे ‘गणपतीनंतर बघू, शिमग्यानंतर बघू’ म्हणत राहतात, ते वर्ष पुढे भरून काढणे कठीण जाते.

लिथियम हे औषध १९४९ पासून द्विध्रुवीय आजारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या आजारात, वापरात आहे आणि आजही त्याची जागा कोणी घेतलेली नाही. कोकणात ते घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. रक्तातील त्याची उपकारक पातळी आणि घातक पातळी यांत अंतर थोडे असते. एप्रिल-मे महिन्यांत आंबा काढणीला दिवसभर घाम गाळणे, जुलाब-उलट्या, कडक उपास, मीठ अचानक तोडणे आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, या सर्वांनी ती पातळी वाढते. हात जोराने थरथरणे, जीभ जड होणे, चाल अडखळणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. तसे झाल्यास पुढची गोळी देऊ नये आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. औषध न थांबवण्याच्या नियमाला हा अपवाद आहे. रक्ताची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करावी, आणि उन्हाळ्यापूर्वी एकदा अवश्य करावी.

या आजारात झोपमोडीने उन्मादाचा झटका येऊ शकतो. मेंदूतील दिवस-रात्रीच्या घड्याळाचा आणि मनःस्थितीचा संबंध आता अभ्यासांतून स्पष्ट झाला आहे. गणपतीतली रात्रभर चालणारी भजने, शिमग्याच्या पालख्या, दशावताराचे प्रयोग, चाकरमान्यांनी भरलेले घर, यांत रुग्णाला सामील करून घ्यावे, पण रात्री ठरलेल्या वेळी त्याची अंथरुणाची व्यवस्था शांत खोलीत करावी आणि दोन रात्री झोप न झाल्यास डॉक्टरांना कळवावे. रापणीवर किंवा रात्रीच्या मासेमारीवर जाणाऱ्या रुग्णाने पाळी बदलून घेता येते का ते तांडेलाशी बोलून पाहावे.

पावसाळ्यापूर्वी निदान महिन्याभराची औषधे घरात असावीत. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले आणि त्याआधीच्या वर्षी निसर्ग वादळाने रायगड-दापोलीकडचे रस्ते बंद झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. औषध तुटल्यामुळे येणारा झटका टाळता येण्यासारखा असतो. मात्र हा साठा रुग्णाच्या हाती न ठेवता घरातल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवावा. बागेच्या फवारणीची औषधेही घरात ठेवू नयेत. ती कुलूपबंद ठिकाणी ठेवून किल्ली दुसऱ्याकडे असावी. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. नैराश्याच्या उपचारातले हे सर्वांत स्वस्त पाऊल आहे.

सर्पगंधा या औषधी वनस्पतीविषयीही येथेच सांगायला हवे. मनोविकार आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाचा शोधनिबंध गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले, ते आधुनिक मनोविकारशास्त्रातील आरंभीच्या औषधांपैकी एक. पण त्याने रक्तदाब घसरतो आणि काहींना नैराश्य येते, म्हणून ते मागे पडले. मुळीचे चूर्ण रुग्णालयाच्या गोळ्यांबरोबर घरच्या घरी देऊ नये.

गोळीवाचूनचा उपचार शेजारच्या गोव्यातून

या किनाऱ्यावरूनच जगाला मिळालेला एक मोठा शोध बातम्यांत क्वचित दिसतो. गोव्यातील संगाथ या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांना नैराश्यावर उपचार करता येतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका देण्यात आल्या. तीन महिन्यांनी त्यांतील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते; ज्यांना नेहमीची वाढीव सेवाच मिळाली त्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

त्या बैठकांचा गाभा म्हणजे मन उभारी धरण्याची वाट न पाहता कृती आधी सुरू करणे. घरी तो असा वापरावा: रुग्णाशी बोलून पूर्वी त्याला बरे वाटायचे अशा दोन-तीन लहान कृती ठरवाव्यात, परसातल्या झाडांना पाणी घालणे, सकाळी पुळणीवर चालणे, बाजारातून मासळी आणणे, अशा. त्या वेळ लिहून ठेवून ठरवाव्यात, संध्याकाळी झाल्या की नाही एवढेच नोंदवावे आणि झाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी आणखी लहान कराव्यात. बोलणी लावू नयेत, ‘मन घट्ट कर’ असे सांगू नये. सौम्य नैराश्यात एवढ्याने बराच फरक पडतो. मध्यम ते तीव्र नैराश्यात प्रशिक्षित समुपदेशकाची जोड लागते आणि गरजेप्रमाणे औषधही.

गाऱ्हाणे आणि कायदा

देवाला गाऱ्हाणे घालण्याने कुटुंबाला धीर येत असेल तर ते जरूर घालावे, आणि गोळी चालू ठेवावी. दोहोंत विरोध नाही. परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मानसिक रुग्णाला साखळदंड घालण्यास बंदी आहे. त्याच कायद्याप्रमाणे विजेचा (शॉकचा) उपचार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून देता येत नाही. तशा रीतीने दिल्यास तो तीव्र नैराश्यात आजही अत्यंत प्रभावी आहे, त्याला घाबरून नकार देऊ नये. विमा कंपनीने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावे, अशी तरतूद याच कायद्यात आहे.

वही घेऊन जावे

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथील जिल्हा रुग्णालयांत मानसिक आजारांवर उपचार मिळतात, आणि रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. गर्दीत डॉक्टरांना फार वेळ देता येत नाही, म्हणून एका वहीत झोपेचे तास, लक्षणे कधी सुरू झाली, आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, किती काळ घेतले आणि का थांबवले, घराण्यात कोणाला असा आजार होता का, हे लिहून न्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे कात्रणही न्यावे आणि संकोच न करता विचारावे: हे आमच्या रुग्णाला लागू पडते का, आणि त्याआधी करण्यासारखे काही राहिले आहे का?

रात्री-अपरात्री किंवा रस्ता बंद असताना १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही केंद्र शासनाची सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतूनही मिळते. फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. आई, भाऊ, वहिनी, शेजारी यांपैकी कोणीही करू शकते. मात्र बोलताना ती वही हाताशी असावी, आणि जिवाला धोका दिसत असेल तर एकाने फोन धरावा व दुसऱ्याने तोपर्यंत १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.